झाकण बसेल एवढेच गणपती

दादाचा गणपती मी माझ्या हाताने दादरच्या समुद्रात सोडला. मुद्दाम नाही. पण म्हणून काय झालं?

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. कुणाची लग्नपत्रिका आली की लग्न उरकेपर्यंत ती देवाजवळ राहायची. मग आई तिच्यावरचा गणपती कापून डब्यात ठेवायची आणि बाकीचा कागद रद्दीत. देव रद्दीत कसा टाकायचा, हा तिचा सवाल. पण जागा बघायला नको? म्हणून नियम एकच, झाकण न दाबता बसलं पाहिजे. दरवर्षी घरच्या गणपतीच्या विसर्जनाला ती सगळ्यात वरचे मूठभर काढून द्यायची. "तुझ्याकडे देवालाही ट्रान्झिट कॅम्प," मी चिडवायची.

दादाचं लग्न ठरलं, पत्रिका वाटून झाल्या, आणि आठ दिवस आधी तो डेंग्यूने गेला. माझा एकुलता एक भाऊ. उरलेला गठ्ठा मामा घेऊन गेला, घरात एकही नको म्हणाला. आईने मान डोलावली. त्यावर आमच्याकडे पुन्हा कुणी बोललं नाही.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरली, खुबा मोडला. गणपती तोंडावर आणि ती परळला हॉस्पिटलात. डब्याचं झाकण वर आलेलं. म्हटलं, चला, हेही आपणच निस्तरू. घरात जुने तांदूळ आधी संपवतात, तसे मी तळाचे काढायला घेतले आणि हात सैल सोडून अर्धा डबा रिकामा केला. सगळ्यात खाली एक होता, कडेला पिवळा डाग पडलेला. तेलकट झालाय मेला, म्हटलं, हा आधी जाऊ दे.

घरी आल्यावर आईने सगळ्यात आधी डबा मागितला. सगळे गणपती चादरीवर पसरून एकेक उलटून बघत राहिली.

"तळाक होतो तो खंय गेलो?"

मी सांगितलं. डागाचंही सांगितलं.

"हळद होती ती," आई म्हणाली. "पयली पत्रिका देवाफुडे ठेवलेली, तिच्यावरचो. झिलाचो." म्हणजे लेकाचा, दादाचा.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाला फोन केला, एखादी पत्रिका चुकून कुठे राहिलीय का विचारलं. नव्हती.

दिवाळीनंतर शेजारच्यांच्या मुलीचं लग्न झालं. मी त्यांची पत्रिका आणि कात्री आईपुढे आणून ठेवली. तिने कात्री बाजूला सारली आणि पत्रिका तशीच माझ्या हातात दिली.

"टाक रद्दीत."

"गणपतीसकट?"

"डब्यात जागा नाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

डबा अर्धा रिकामा होता. मी पत्रिका रद्दीवर ठेवली.