बांगडी चढेपर्यंतची चाल

आमच्या पुनावळ्यात गाणारे उदंड आहेत, आणि त्यांतले निम्मे गप्प बसले तर गावावर उपकारच होतील. रंगराव मात्र त्यांतला नव्हे. तरुणपणी उदगीरकडून नोकरीसाठी इकडे आला, चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर लागला आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. खोली बघायला आला तेव्हा नळ, लाइट वगैरे काही विचारलं नाही. भिंतीवरची माझी ढोलकी बघून म्हणाला, "दादासाहेब, वाजवता का नुसती टांगलीय?" तेव्हापासून तो गातो आणि मी वाजवतो. आता त्याचे केस पिकलेत, माझे तर गेलेच.

आमच्या भजनी मंडळाची एक रीत आहे. गाण्याचे शब्द तुमचे असोत, पण चाल कुणाची हे आधी सांगायचं. बाकीचे ते पुटपुटून उरकतात. रंगराव हात जोडून खणखणीत सांगायचा, "चाल, आमच्या आईची, ज्वारी पाखडतानाची." कधी, "चाल, गावातल्या हलगीवाल्या लक्ष्मणरावांची." एकदा तर म्हणाला, "चाल, आमच्या कंपनीतल्या मोठ्या प्रेसची." सगळे हसले. पण दोन हलके आणि एक जड असा तो ठोका ढोलकीवर धरला, तेव्हा माझीच मान डोलायला लागली. माणूस लहानपणापासून कानांनीच जगला होता. कंपनीच्या बसमध्ये इतर लोक झोपा काढायचे आणि हा खिडकीला डोकं टेकून गाणी जुळवायचा. लिहून काही ठेवत नसे. घरी आल्यावर बायकोला, अंबूबाईला, ऐकवायचा. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तिच्या तोंडी ते आपसूक आलं तर गाणं पास.

एकच गाणं असं होतं, की त्याआधी तो म्हणायचा, "चाल, माझी." आणि नव्या नवरीसारखा लाजायचा. ते गाणं अंबूबाईवरच होतं. तीही कंपनीत लाइनवर कामाला. मशीनजवळ बांगड्या घालायला मनाई, म्हणून शिफ्टला जाताना रोज हातातल्या काढून ठेवाव्या लागतात. पहिल्या दिवशी ती त्यावरून रडली होती.

*काढून ठेव गं बांगड्या, कंपनीच्या दारावरी,*
*जित्या नवऱ्याची अस्तुरी, उघड्या हातानं मशिनीवरी.*

'उघड्या हातानं' म्हणून झालं की तो क्षणभर थांबायचा. श्वास अडकावा तसा. मग उरलेली ओळ झरकन सुटायची. त्या जागेला बायका डोळे पुसायच्या. मलाही वाईट वाटायचं, पण ढोलकी वाजवणाऱ्याला रडायची सोय नसते.

गेल्या वर्षी किसन नावाचा वेल्डर मंडळात आला. रंगरावच्याच गावचा. हे गाणं ऐकून खुशीत ओरडला, "रंगूदादा, ही तर गिरजाबाई कासारणीची चाल! बांगड्या भरताना म्हणायची की ती!"

रंगराव आधी हसला. मग गाण्याची ती पहिली ओळ मनातल्या मनात म्हणाला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. टाळ खाली ठेवून तो घरी निघून गेला.

त्यानंतर त्याने गाणं सोडलं. भजनाला येईना, घरीही गुणगुणेना. अंबूबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, घर खायला उठलंय ओ. भांडले तरी चालंल, पर कायतरी आवाज करा म्हणावं." मग मी त्याच्याकडे गेलो.

"अरे, चालीचा काय सातबारा असतो का?" मी डाफरलो. "किती जणांच्या चाली घेतल्यास तू!"

"नाव घेऊन घेतल्या, दादा. हिचंच नाव गिळलं. आईच्या मांडीवर बसून ऐकली आसंल, आठवतबी न्हाई मला. जन्मात एक चाल आपली म्हणून मिरवलो, तीबी चोरीची निघाली. म्हंजे मी आजपतूर काय केलं? नुसती उसनवारीच न्हवं का?"

मला जास्तच राग आला. किसनला फोन केला. गिरजाबाई जिवंत होती, आणि लांब नव्हे तर पिंपळे सौदागरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होती. रविवारी रंगरावला गाडीवर घातला आणि निघालो. वाटेत तीनदा म्हणाला, "दादा, माघारी फिरा." ट्रॅफिक असं होतं की मला फिरता आलंच नसतं.

गिरजाबाई बाल्कनीत ऊन खात बसली होती. सुरकुतलेली, पण कान शाबूत. रंगरावने वाकून पाया पडून कुणाचा कोण ते सांगितलं आणि एका दमात कबूल केलं, की तुमची चाल मी माझी म्हणून गातो, मला माफ करा.

"आधी म्हण तरी," म्हातारी म्हणाली. "चोरीचा माल बघू दे."

त्याने सुरुवात केली. पहिल्याच ओळीला म्हातारीने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि बोटं जुळवून दाबायला लागली. 'उघड्या हातानं' आलं. तो थांबला, आणि तिने त्याच्या अंगठ्याच्या पेरावर जोर दिला.

"हितंच," ती म्हणाली. "हितं बांगडी अडती. पोरीनं हात आखडला की मी चाल थांबवायची. तिचं ध्यान गाण्यात गेलं, हात ढिला पडला, की बांगडी आत."

रंगरावने खाली मान घातली. इतकी वर्षं आपली म्हणून जपलेली ती जागा, तिचा हिशेबच म्हातारीने हातावर दाखवला होता. त्याला आणून मी चूकच केली, असं वाटलं.

"म्हंजे तुमचीच हाय," तो म्हणाला.

"मग? माझीच हाय. आता पुढं म्हण."

तो ओशाळून पुढचं गायला लागला. शिफ्ट सुटते, बाई हात धुते, दारात उभी राहून पुन्हा एकेक बांगडी चढवते, आणि चाल हळूहळू वर जाते. म्हातारीची बोटं थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"हे कुठलं?"

"चालीचं पुढचं, मावशी. तुमचंच की."

"माझं न्हाई बाबा. बांगडी चढली की माझं संपलं. दुसरी घ्यायची, पुन्यांदा पयल्यापासनं. जन्मभर मी तेवढंच म्हणलं. ह्याच्या पुढं कवा गेलेच न्हाई." तिने त्याचा हात थोपटला. "हे तुझं हाय."

रंगराव हुंदके देऊन रडला. पन्नाशी ओलांडलेला बाप्या माणूस, परक्याच्या बाल्कनीत, बिनदिक्कत. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला रागावायचं विसरलो. सावरल्यावर त्याने डोळे पुसले, हात जोडले आणि तिचा मान म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायला निघाला.

म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली.

"ते ऱ्हाऊ दे. माझं मला पाठ हाय. तुझं म्हण."