सरकणारा डाग

मिलमध्ये कापड तयार करायला माणसं लागतात, चिंध्या मात्र आपोआप तयार होतात. आमच्या मंडळाचंही तसंच झालंय. इकडे गुजरातेत, पांडेसऱ्यातली आम्ही दहा-बारा डोकी गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसून पृथ्वीबाहेरचं जीवन शोधतोय. ते अजून सापडलेलं नाही. किस्से मात्र इतके साठलेत की घरी सांगायला लागलो की बायको भाजी घेऊन दुसऱ्या खोलीत निवडायला जाते. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

आधी काम काय ते सांगतो. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो आम्हाला इंटरनेटवरून मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो. ते स्क्रीनवर एकामागोमाग एक झळकवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकला, तर तो लघुग्रह किंवा धूमकेतू. आणि नशीब फारच जोरावर असेल, तर दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याकडून भटकत आलेला पाहुणा. असे बाहेरचे पाहुणे माणसाला आत्तापर्यंत तीनच सापडलेत. चौथा पांडेसऱ्यातून सापडावा, एवढीच आमची माफक अपेक्षा!

मी इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मंडळात मला 'सर' म्हणतात. पण माझ्यापेक्षा जास्त मान 'मास्टर'ना. मास्टर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, डाइंग मास्टर. मूळचे अमळनेरकडचे. कापड रंगवण्यात सगळी हयात गेली. नखांत कायम कुठलातरी रंग असतो, त्यावरून बाजारात सध्या काय चालतंय ते आम्हाला कळतं.

* * *

सुरुवातीला मी हौसेनं शाळेच्या फाटकावर पाटी लावली होती. 'परग्रह शोध मंडळ. दर रविवारी. प्रवेश सर्वांना.'

पहिल्याच रविवारी बीडकडचे एक सेंट्रिंगवाले गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. मुलीला कडक मंगळ होता आणि दोन स्थळं त्यापायी परत गेली होती. मंगळ कुठे बसलाय तेवढं शोधून द्या, म्हणाले.

मी घसा साफ करून अंधश्रद्धेवर बोलायला लागणार, तेवढ्यात मास्टरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि स्क्रीनवर मंगळाचा फोटो काढून दाखवला. नुसती लाल माती, दगड, कोरडी नदी. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मास्टर म्हणाले, "माणसं वर्षानुवर्षं शोधतायत, इथं एक किडासुद्धा अजून सापडला नाही. आता बोला, हा तुमच्या पोरीचं काय वाकडं करणार?"

गृहस्थांनी तो फोटो मोबाइलमध्ये मागून घेतला. पुढच्या स्थळाला पत्रिकेबरोबर तो फोटोही दाखवला म्हणे. मुलीचं लग्न झालं. त्यांचा पेढा आला, त्या दिवशी मी पाटी काढून ठेवली.

* * *

तो तिसरा पाहुणा सापडला तेव्हा टीव्हीवर नुसता धुमाकूळ होता. यान आहे, हल्ला करणार, वगैरे. आमच्याकडचे देवरे एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत आणि व्हॉट्सॅपवर आलेलं काहीही पुढे पाठवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी ग्रुपवर यानाच्या खिडक्यासुद्धा दाखवल्या.

मी रविवारी सगळ्यांना समजावून सांगितलं. तो धूमकेतू आहे, बर्फ आणि धूळ. फक्त आपल्या सूर्याचा नाही, एवढंच. आता आपल्याकडे खान्देशात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मास्टरांनी तोच विचारला, "सर, पन त्यानं गाव कोनतं?"

म्हटलं, ते कोणालाच सांगता येत नाही. अब्जावधी वर्षं प्रवासात आहे. वाटेत इतक्या ताऱ्यांनी ओढलं, ढकललं, की मूळ कुठलं ते पुसलं गेलं. वेग तर एवढा, की सूर्यालाही तो धरून ठेवता येत नाही. आला तसा निघून जाणार, परत कधी यायचा नाही.

भुसावळ, जळगाव, नंदुरबार, जिथून कोणी गाडीत बसतो तो शेवटी आमच्या उधन्याला उतरतोच. आम्ही सगळे तसेच उतरलो, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि पोरांची लग्नं इथंच झाली. मास्टर म्हणाले, "उधनाले न उतरनारा पहिलाच पाव्हना दखा मी!"

* * *

मध्यंतरी बातमी आली, की फार दूरच्या एका ग्रहाच्या हवेत असा वायू दिसलाय, जो पृथ्वीवर सजीवच तयार करतात. देवरे पेढेच घेऊन आले. मी फळ्यावर वर्णपट काढून तासभर समजावत होतो, की ताऱ्याचा प्रकाश त्या हवेतून येतो, काही रंग शोषले जातात, त्यावरून वायू ओळखतात. लोक माना डोलवत होते आणि पेढ्यांकडे बघत होते.

शेवटी मास्टर उठले. म्हणाले, समजा रंगाच्या पातेल्यातनं उजेड आरपार पाठवला. जाताना सगळे रंग होते, बाहेर येताना एक कमी झाला. मग पातेल्यात काय घातलंय ते ओळखता येतं की नाही? सगळे म्हणाले, येतं. माझा तास दोन मिनिटांत संपला.

"पण मग पेढे वाटायचे ना?" देवरेंनी विचारलं.

मास्टरांनी पुढं सांगितलं ते मी आता नववीला शिकवतो. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे ते आधी ट्यूबलाइटखाली बघतात, मग दारात उन्हात नेऊन बघतात. कधी कधी आत जुळलेला रंग उन्हात दगा देतो. "एकाच उजेडात जुळला म्हणून मी कापडाचा ताका पास करत नाही," ते म्हणाले. "त्यांनी अजून एकाच उजेडात बघितलंय. बघू द्या दुसऱ्या उजेडात. पेढे ठेवा फ्रीजमध्ये."

पेढे अर्थात त्या रविवारीच संपले.

* * *

आता निर्मलाताई. चोपड्याकडच्या. मिलच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायला. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापड धावत असतं, त्यातला तुटका धागा, रंगाचा डाग, भोक नुसत्या नजरेनं धरायचं. हे काम त्यांनी अठरा वर्षं केलं. त्यांची मुलगी तेजल आमच्या मंडळात येते. एका रविवारी त्या तिला घ्यायला आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

नेमकं त्या दिवशी देवरेंना एलियन सापडला होता. चांगला ठसठशीत ठिपका. फोटोंचा संच बदलला, आकाशाचा दुसरा तुकडा लावला, तरी ठिपका तिथंच. देवरे खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "सर, हा आपल्या मागं मागं येतोय."

निर्मलाताई पुढे झाल्या, पदराच्या टोकानं ठिपका पुसला आणि बोटावर घेऊन बघितला. "शेव शे," म्हणाल्या. सकाळी नाश्त्याला खाल्लेल्या लोचोवरची!

सगळे हसत होतो. त्या मात्र तिथंच उभ्या राहून स्क्रीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हाऊ डाग सरकी राहिना." बोट ठेवलं तिथं आम्हाला काही दिसेना. फोटो मोठा केला तेव्हा दिसलं. खरंच एक ठिपका सरकत होता. तो आधीच नोंदलेला लघुग्रह निघाला, पण आम्ही आठजण तासभर त्याच फोटोसमोर शेव खात बसलो होतो. त्या दिवसापासून ताई मंडळात आल्या आणि ठिपक्याला आम्ही सगळेच डाग म्हणायला लागलो.

* * *

तेजलची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी मुलांना निबंध दिला होता, परग्रहावरच्यांना निरोप लिहा. वर्गात भांडण जुंपलं, की निरोप कोणत्या भाषेत लिहायचा. कोणी मराठी म्हणालं, कोणी हिंदी, मागच्या बाकावरून अहिराणीसाठी बाक वाजवले गेले. मी सांगितलं, सगळ्यात जवळच्या ताऱ्याला निरोप पाठवला, तरी उत्तर यायला आठ वर्षांहून जास्त लागतील.

तेजल म्हणाली, "मग सर, काहीपण चालेल. उत्तर येईपर्यंत आपण सगळे गुजरातीच बोलत असू."

मी हसलो खरा. पण ते मला लागलं, आणि त्या दिवसापासून निरोप मराठीतच लिहायचा असा मी नियम केला.

* * *

यंदा ताईंच्या मिलमध्ये कापड तपासणारं कॅमेऱ्याचं मशीन आलं. ट्रायलला त्यांनी पास केलेल्या एका ताक्यात मशीननं तीन डाग दाखवले. सुपरवायझर वाईट माणूस नव्हे. तो एवढंच म्हणाला, की ताई, डोळे थकले तुमचे, आता पॅकिंगला बसा. ताईंनी हे दोन रविवार आम्हाला सांगितलंच नाही. तेजलकडून कळलं.

मास्टरांची ताईंच्या मिलच्या शेठशी ओळख आहे. ते बोलायला निघाले, तर ताईंनी अडवलं. "डोळे खरंच गेले असतील तर? आधी ते मला कळू द्या. मग मी पॅकिंगला गपचूप बसेन."

त्या रविवारी त्या फोटोंसमोर बसल्या त्या उठल्याच नाहीत. दुपारचं जेवण तेजलनं तिथंच आणून दिलं. आणि शेवटच्या संचात त्यांनी बोट ठेवलं. "हाऊ."

मला काही दिसेना. मास्टरांनी चष्मा पुसून बघितलं, त्यांनाही नाही. फोटो मोठा केला, काळा केला, पांढरा केला. तेजललाही दिसेना. सरकणारे ठिपके आपोआप शोधणारी एक सोय त्या प्रोग्राममध्ये आहे, ती लावली. तिनं भलत्याच दोन ठिकाणी गोल काढले, ताईंच्या बोटाखाली काहीच नाही.

"मशीन तर दाखवत नाही, ताई," देवरे बोलून गेले. बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. बिचारे वायरिंग तपासायच्या निमित्तानं टेबलाखाली गेले.

खरं सांगू? ती नोंद फोटो पुरवणाऱ्यांकडे पाठवायचा मला धीर होत नव्हता. तिकडून 'इथे काही नाही' असं उत्तर आलं, तर या बाईनं डोळे गेले म्हणून कायमचं धरून चालावं, हे मला बघवलं नसतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत बघू.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "सर, पाठवा. पास का नापास, एकदाचं होऊन जाऊ द्या."

पाठवली. पहिलं उत्तर आलं, नोंद मिळाली, दुसऱ्या दुर्बिणीतून तपासावं लागेल, थांबा. आम्ही थांबलो. ताई दर रविवारी येऊन बसायच्या, पण स्क्रीनकडे बघायच्या नाहीत. मुलांना फोटोंचे संच लावून द्यायच्या आणि मागच्या बाकावर बसायच्या. डाग हा शब्द मंडळात कोणी काढेना.

* * *

मेल आली ती मधल्या सुट्टीत. मी ती तीनदा वाचली. मग हेडमास्तरांना काहीतरी थाप मारली, वाटेत मास्टरांना त्यांच्या मिलमधून उचललं आणि स्कूटर थेट ताईंच्या मिलच्या गेटवर नेली.

पॅकिंगमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत आणि गेटवरचा वॉचमन आत सोडेना. काय काम आहे, तेवढं सांगा, म्हणाला. मी मेल काढून दाखवायला लागलो, तर मास्टरांनी मला बाजूला केलं आणि हिंदीत सोपं करून सांगितलं, "बोलो, निर्मलाताई का डाग मिल गया."

वॉचमननं ते टाइम ऑफिसला सांगितलं. टाइम ऑफिसनं सुपरवायझरला, सुपरवायझरनं पॅकिंगला. आम्ही उन्हात उभे.

पाच मिनिटांनी ताई आल्या. जवळजवळ पळतच. हातात कात्री तशीच राहिलेली, मागे दोन बायका. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. आम्ही कोण, कशाला आलोय, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कोनता ताकामा?" त्यांनी विचारलं.

मास्टरांनी नुसतं बोट वर केलं.

ताईंनी वर बघितलं. भर दुपार होती. कात्रीचा हात कपाळावर धरून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मागच्या दोघी बायकाही बघायला लागल्या, वॉचमनही.

"काहीच दिखत नही," ताई म्हणाल्या.

"कोनलेच दिखना नही, ताई," मास्टर म्हणाले. "तुमलेच दिखना."