कड्यावरचा दगड

सह्याद्रीतल्या त्या पठारावर पन्नास किलोमीटरची शर्यत होती. वाट शोधायचं काम सोपं होतं. झुडपांना बांधलेल्या केशरी फिती दिसतील तिकडं धावायचं. धुक्यात बराच वेळ मला एकही फीत दिसली नव्हती, तरी मी थांबले नाही. लागलेली लय मोडायची नाही, ही आम्हा धावणाऱ्यांची खोड.

"ताई, पुढं जाऊ नका. पुढं जमीन नाही."

गुरं राखणारी एक वयस्कर बाई घोंगडी पांघरून दगडावर बसली होती. तिच्या मांडीवर फितींचा केशरी गुंता होता. सकाळी गुरं त्या चघळायला लागली, म्हणून तिनं सगळ्या सोडून घेतल्या होत्या. मग धुक्यातून पहिला धावणारा कड्याकडे येताना दिसला, तेव्हा त्या कशासाठी होत्या ते तिला कळलं.

मी तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं धुकं फाटलं. माझ्या बुटांपासून चार पावलांवर पठार संपत होतं, आणि खाली, फार खाली, एक घार तरंगत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. एवढ्या मोठ्या पोकळीच्या तोंडाशी, गुरं राखावीत तशी माणसं राखत, ही बाई सकाळपासून एकटी बसून होती.

"मावशी, फिती परत बांधून टाकायच्या ना," मी म्हणाले.

"बांधायला गेले असते," ती म्हणाली, "तर इथं कोण थांबलं असतं?"