चौतीस इंची ओटा

तयार कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मावशी एकतीस वर्षं बसत आल्या होत्या. पुढच्या बाजूला आरसे, दिवे, अत्तराचा वास. मागे एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि भिंतीला टांगलेली मोजपट्टी. माणसं पुढे येत, कुणा परक्या माणसाच्या मापाने शिवलेला शर्ट अंगात चढवत, आरशात पाहून खट्टू होत आणि मग मागे पाठवली जात. मावशी बाह्या आखूड करत, कंबर उसवत, खांदे आत घेत. सगळं दुकान त्यांना मावशीच म्हणे, मालकासकट. स्टँडर्ड साइजचा माणूस असतो असं कंपन्या म्हणत. मावशींना तो कधी भेटला नव्हता. एकदा एक आल्यासारखा वाटला होता. पट्टी लावून पाहिलं तर त्याचा डावा खांदा पाऊण इंच खाली होता.

मावशींची स्वतःची उंची चार फूट दहा इंच. लग्न झाल्यापासून त्यांनी चार भाड्याची घरं केली आणि चारही घरांत स्वयंपाकाचा ओटा त्यांच्या कोपराच्या वर. म्हणून त्या फळीवर उभ्या राहून स्वयंपाक करत. फळी दीड फूट लांब, खाली दोन ठोकळे. घर बदललं की भांड्यांबरोबर फळीही जायची. तीन वर्षांपूर्वी ओल्या लादीवर फळी घसरली, मावशी पडल्या आणि डावं मनगट मोडलं. दोन महिने मशीन बंद. मनगट जुळलं, पण तोवर सगळा भार उजव्या हातावर पडून उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हात वर-खाली करायला लावून सांगितलं, "कोपर उचलून काम करायचं बंद करा. नाहीतर हा खांदा आखडेल आणि मग सुई धरणंही विसरा."

म्हणून स्वतःचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा मावशींनी एकच गोष्ट मागितली. खिडक्या, रंग, दिवे, नळ, सगळं तुमच्या मनासारखं करा. ओटा तेवढा माझ्या मापाचा.

हे त्यांनी ज्यांना सांगितलं ते त्यांचे यजमान सरकारी गोदामात भांडारपाल होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण घरी त्यांचा साहेब कायम होता. सहा फुटी माणूस. ओट्याशी त्यांचा संबंध रिकामा कप आणून ठेवण्यापुरता. घर ताब्यात आलं त्याच दिवशी त्यांनी कामाचा तक्ता केला. एकोणीस बाबी, पाच रकाने: अनुक्रमांक, कामाचं स्वरूप, दिनांक, शेरा, सही. शेरा त्यांनीच मारायचा आणि सहीही त्यांनीच करायची. तक्त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक बाहेरच्या दाराला आतून चिकटवली, दुसरी खिशात ठेवली. मूळ प्रत फायलीत गेली, कारण मूळ प्रत वापरायची नसते.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, आधी कुणीतरी पंचवीस वर्षं वापरलेलं. भिंतींना पोपडे होते आणि स्वयंपाकघराची लादी खिडकीच्या भिंतीकडे चांगलीच खचलेली होती. दाराशी बटाटा ठेवला तर तो फार विचार न करता खिडकीखाली जाऊन थांबे.

गवंडी मिस्त्री आले, त्यांनी घर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "स्वयंपाक कोण करतं?"

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"ओट्याशी कोण उभं राहणार?"

मावशी पुढे झाल्या. मिस्त्रींनी त्यांना खिडकीच्या भिंतीशी उभं केलं, चपला काढायला लावल्या, कोपर वाकवायला सांगितलं. कोपरापासून खाली तीन बोटं सोडून त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. मावशींनी हात फिरवून पाहिला. भाजी चिरल्यासारखा, कणीक मळल्यासारखा. खांदा कुरकुरला नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईचं माप आज पहिल्यांदा कुणीतरी घेत होतं, आणि बरोबर घेत होतं. मिस्त्रींनी टेप लावली. बत्तीस इंच.

"चौतीस," साहेब म्हणाले आणि अंगठ्याने रेघ पुसली.

"अहो, पण उभी मी राहणार आहे."

"स्टँडर्ड चौतीस असतं. उद्या घर विकायला काढलं तर?"

"कालच तर घेतलं."

"म्हणून काय झालं? पुढचा विचार नको?"

साहेबांची धाकटी बहीण त्या वेळी बाल्कनीतून पडद्यांसाठी खिडक्या न्याहाळत होती. तिला पडदे लावायला कुणी सांगितलं नव्हतं. ती आत आली. "दादा बरोबर म्हणतो, वहिनी. बुटका ओटा बघितला की गिऱ्हाईक पायऱ्यांवरूनच परत जातं. आणि तुम्हाला फळीची सवय आहेच की."

मग साहेबांनी खिशातून तक्ता काढून सातव्या बाबीपुढे लिहिलं: उंची ३४ इंच. जे गिऱ्हाईक अजून जन्माला आलं होतं की नाही कुणाला ठाऊक नव्हतं, त्याच्या कोपराची सोय झाली. मावशींनी त्या आठवड्यात विषय आणखी दोनदा काढला. एकदा उत्तर आलं, "तुझं म्हणणं नोंदवून घेतलंय." दुसऱ्यांदा तेही आलं नाही. सामानाची बांधाबांध सुरू झाली तेव्हा साहेबांनी फळी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि वर चिठ्ठी लावली: स्वयंपाकघर, नग १.

सहावी बाब संपली त्या सकाळी मिस्त्री दारावरच्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. डोकं खाजवून म्हणाले, "साहेब, इथं सातव्याला ओटा आहे आणि अकराव्याला फरशी."

"बरोबर."

"आधी फरशी करू, मग ओटा. तशीच रीत आहे."

"रीत कुणी ठरवली? ओट्याचा दगड जड. नव्या फरशीवर पडला तर? जड काम आधी, नाजूक काम नंतर. गोदामातही आम्ही तसंच रचायचो."

"तसं नाही हो. जुन्या फरशीवरच नवी बसवायची म्हणताय तुम्ही. जमीन वर येणार. मग चौतीस धरू कुठून?"

"जमिनीपासून. आणखी कुठून? छतापासून?"

मिस्त्रींनी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "तक्ता वाचता येतो ना? मग झालं तर."

बत्तीस वर्षं साहेबांनी खुर्च्या, सतरंज्या आणि शाईच्या बाटल्या मोजल्या होत्या. मोजलेली वस्तू नंतर वर-खाली होते, हे त्यांना माहीत नव्हतं. गोदामात तसं झालं तर त्याला चोरी म्हणत. मावशींना मात्र ते पोरवयापासून ठाऊक होतं. कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मग कात्री लावायची. जो आधी कापतो त्याचा सदरा पहिल्या धुण्यात त्याच्या पुतण्याला होतो.

साहेब चहाला खाली गेले तेव्हा मावशींनी मिस्त्रींना विचारलं, "या भिंतीशी जमीन किती वर येईल?"

मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून पातळी काढली. "दाराशी इंचभर. इथं खचलंय, इथं दोन इंच. सूतभर इकडेतिकडे."

"म्हणजे ओटा बत्तीसचा राहील."

"राहील." मिस्त्रींनी नळी गुंडाळली. "साहेब आले की परत सांगतो त्यांना."

"एकदा सांगितलंत ना?"

"सांगितलं की. तुमच्यासमोरच."

"मग पुरे. दोनदा सांगितलं की त्यांना अपमान वाटतो."

"मावशी, उद्या हे माझ्या अंगावर येईल."

"तुम्ही जमिनीपासून चौतीस मोजा. त्यांच्यासमोर मोजा आणि सही घ्या."

मिस्त्रींनी तसंच केलं. ओटा उभा राहिला, दगड बसला. साहेबांनी स्वतः तीन ठिकाणी टेप लावली, चौतीस, चौतीस, चौतीस, आणि शेऱ्यात लिहिलं: काम समाधानकारक. खाली लफ्फेदार सही. मावशी शेजारी उभ्या होत्या. दगडाची कड त्यांच्या कोपराला टेकत होती. "बघ," साहेब म्हणाले, "कसा रुबाबदार दिसतो." मावशी म्हणाल्या, दिसतो.

सातव्या आणि अकराव्या बाबीत बारा दिवस होते. ते मावशींना जड गेले. दुकानात त्यांनी एका पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड केला, जे एकतीस वर्षांत झालं नव्हतं. दहाव्या दिवशी नणंदबाई फरशीचे नमुने बघायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाल्या, "दादा, इथं कशाला घालतोस नवी फरशी? जुनीच राहू दे. स्वयंपाकघरातल्या जमिनीकडे कोण बघतं?"

साहेबांनी हनुवटी चोळली. हनुवटी चोळणं म्हणजे निम्मा होकार, हे मावशींना माहीत होतं. जुनी फरशी राहिली की ओटा चौतीसचा राहणार, फळी गुंडाळ्यातून बाहेर येणार आणि कधीतरी पुन्हा ओल्या लादीवर घसरणार. भांडून उपयोग नव्हता. भांडून त्या तीनदा हरल्या होत्या.

"ताईंचं बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "उगाच खर्च. फक्त तक्त्यात अकराव्याला 'सर्व खोल्या' लिहिलंय. ते खोडावं लागेल." आणि त्यांनी टेबलावरचं पेन उचलून साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी पेनाकडे पाहिलं, दारावरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यात एकही खाडाखोड नव्हती. खिशातल्या प्रतीत नव्हती, फायलीतल्या प्रतीतही नव्हती. खोडायचं म्हणजे तीन ठिकाणी खोडायचं आणि तीनदा बारीक सही करायची.

"राहू दे," ते म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय. एका खोलीसाठी कशाला?"

"ऐक ना, दादा..."

"तू पडद्यांचं बघ."

फरशी झाली. स्वयंपाकघरात ठेवलेला बटाटा आता ठेवला तिथंच राहू लागला. पण घरातलं एकही दार उघडेना. जमीन वर आली होती आणि दारं होती तिथंच होती. सुतार आला, सगळी दारं उतरवून खालून तासून गेला. हे काम तक्त्यात नव्हतं, म्हणून साहेबांनी ते पाहिलंही नाही. ते त्या दिवशी बाल्कनीत पाठ करून बसले. सुतार गेल्यावर त्यांना शंका आली असावी. ते टेप घेऊन ओट्याशी गेले. बत्तीस. दुसऱ्या टोकाला बत्तीस. मधे बत्तीसाला सूतभर कमी.

"मिस्त्री!"

मिस्त्री हात पुसत आले.

"चौतीस सांगितलं होतं."

"चौतीसच केलं. सातव्या बाबीवर तुमची सही आहे."

"मग हे बत्तीस कसं?"

"ओटा तिथंच आहे साहेब. जमीन वर आली."

"हे आधी सांगायला नको?"

मिस्त्रींनी मावशींकडे पाहिलं. मावशी खिडकीची काच पुसत होत्या. "सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही म्हणालात, तक्ता वाच."

साहेब तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. चुकलेला माणूस शोधायची त्यांना नोकरीपासून सवय होती. प्रत्येक बाबीपुढे कुणाची ना कुणाची सही असतेच. इथंही होती. ती त्यांनी दोनदा वाचली. दगड काढून ओटा वर घ्यायचा तर ती विसावी बाब झाली असती आणि कागद एकोणिसाव्यावर संपत होता.

मावशींनी त्या दुपारीच फळीचं गुंडाळं सोडलं आणि मिस्त्रींना विचारलं, उपयोगी पडेल का. मिस्त्री खालच्या मजल्यावरच्या कामाला लागले होते. त्यांनी फळीवर सिमेंट कालवलं. संध्याकाळी तिच्यावरची चिठ्ठीही दिसत नव्हती.

राहायला आल्यावर महिन्याभराने नणंदबाई चहाला आल्या. मावशी ओट्याशी उभ्या राहून दुधी चिरत होत्या, सपाट जमिनीवर, अनवाणी. खांदा आता रात्री जागवत नव्हता.

"हे काय?" नणंदबाई म्हणाल्या. "ओटा खाली आला की काय?"

"घेतला खाली," साहेब दारातून म्हणाले. "हिची उंची कमी, त्यात खांद्याचा त्रास. मी म्हटलं, घरातल्या बाईची सोय आधी. घर काय विकायला घेतलंय?"

तक्ता अजून दाराला होता. सातव्या बाबीखाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात नवी ओळ आली होती: ७-अ, ओट्याची उंची सोयीनुसार कमी करणे. पुढे शेरा: समाधानकारक. आणि सही.

"दादा, तू म्हणजे ना," नणंदबाई म्हणाल्या. "वहिनी, नशीब काढलंत हो. आमच्या ह्यांना सांगून बघा." त्यांनी मोबाइल काढला आणि तक्त्याचा फोटो घेतला, वरून एक, खालून एक. पुढच्या महिन्यात त्यांच्याही घराचं काम निघणार होतं. जुन्या फरशीवरच नवी बसवायची होती. नणंदबाई भावाच्याच वळणावर गेलेल्या, पावणेसहा फूट.

मावशींनी सुरी खाली ठेवली. "ताई, एक सांगू? तुम्ही आधी फरशी करून घ्या. ओटा नंतर."

नणंदबाई हसल्या, लहान मुलाकडे पाहून हसतात तशा. "वहिनी, ते राहू द्या. तुम्ही आपल्या बाह्या आखूड करा. तक्ता आहे ना दादाचा, त्याप्रमाणेच करणार मी."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि उरलेला दुधी चिरायला घेतला.