क्रीम सफारीवर तपकिरी बूट

उन्हाळी सफारी शिवणाऱ्या माणसाला कापड कळतं, शिंपी कळतो, खिसे दोन हवेत की चार तेही कळतं. पायात काय घालावं तेवढं कळत नाही. ते सांगायला पुसदच्या बाजारात तीस वर्षं मी बसलो आहे. आमच्या घरात झाडून सगळे कचेरीतले. आजोबा, वडील, दोन्ही काका, सगळे खुर्चीवर. मी एकटा स्टुलावर, लोकांच्या पायाशी. वडील गेले, पण माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांच्याच कचेरीतली माणसं मात्र मार्च संपला की नवीन सफारी अंगावर चढवून माझ्यासमोर पाय पुढे करून बसायची, आणि मला बरं वाटायचं.

माझे नियम पक्के होते. क्रीम किंवा बदामी सफारीवर काळा बूट घातला की माणूस कमरेच्या वर साहेब आणि खाली हवालदार दिसतो. राखाडीवर काळा चालतो. पांढरा बूट बँडवाल्यांनी घालावा. मागं पट्टा असलेली सँडल तलाठ्यापासून हेडमास्तरापर्यंत कुणालाही शोभते, पण साहेबासमोर उभं राहायचं असेल तर नाही. लोक माझं ऐकायचे. ऐकायचे म्हणून मला माज आला होता, हे आता सांगून टाकतो.

देवराव माझं कधी ऐकायचा नाही. ढाणकीच्या कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता, म्हणजे गाडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवणारा. वर्षातून एकदा बायकोला, रुखमाबाईंना, घेऊन पुसदला यायचा. कपडे कायम इस्त्रीचे. "बाप सांगून गेला, कामावर जाताना असा जा का कोनाले नाव ठेवाले जागा नाही भेटली पाह्यजे," असं तो म्हणायचा. त्याच्या बापानं छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, आणि घरात कोटाची घडी मोडणार नाही अशा बेतानं वागायचं वळण होतं. पण पायात मात्र सव्वीस वर्षं एकच, पट्ट्याची साधी चप्पल.

"एवढी झाक सफारी, अन् खाली चप्पल? काहून हो देवरावभाऊ?" मी दरवर्षी चिडवायचो.

"मले घडीघडी काढा लागते, शेखरभाऊ."

ते खरंच होतं. कापसावर देवराव चप्पल घालून कधी चढला नाही. गाडी असो की आवारातली घराएवढी उंच गंजी असो, खाली चप्पल काढायची, मग वर. शेतकऱ्यालाही तो तेच करायला लावायचा. लक्ष्मी वगैरे तो मानत नव्हता. "मातीचा पाय लागला का प्रत उतरते. अन् त्याच्या सालभराची कमाई हाय ते, त्याच्यावर कायले पाय द्याचा जोड्यानं?" एवढंच म्हणायचा. शिवाय त्याची एक खुबी होती. धागा तो बोटांनी पाहायचा आणि ओल पायांनी. अनवाणी गंजीवर दोन पावलं टाकली की आतला कापूस ओला आहे की कोरडा, हे तो सांगायचा. हमाल फुलचंद अजूनही शपथेवर सांगतो की देवरावचा पाय कधी चुकला नाही.

दोन हजार पाच सालचा एप्रिल. कापसाची ती वर्षं कशी होती हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. भाव पडलेले, केंद्रांवर गाड्या येईनाशा झालेल्या, पेपर उघडला की रोज एखाद्या शेतकऱ्याचं, गावाचं नाव, आणि ते का छापून आलं हे वाचायची गरज नाही. बाजारात माझ्याकडं सफारीवाले निम्मे झाले होते. त्यातच देवरावच्या संस्थेनं केंद्रं बंद करायला घेतली. आमच्या भागात चार ग्रेडर होते. त्यातला एक ठेवणार, तिघांना घरी पाठवणार. मुख्य कचेरीतून साहेब येणार, पुसदच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात चौघांना बोलावून काम पाहणार आणि ठरवणार.

देवराव बावन्न वर्षांचा होता. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं, आणि ग्रेडरचं काम दुसरीकडं कुठं शिल्लकच नव्हतं. साहेब यायच्या आधी दोघं दुकानात आली. रुखमाबाईच बोलल्या.

"शेखरभाऊ, याहीले नीट जोडा द्या. यंदा सफारी नवी शिवली. तुमी म्हनान तो घेऊ."

सव्वीस वर्षांनी माझ्या हातात सापडला होता तो. मी सोडतो होय? क्रीम सफारी, अर्ध्या बाह्यांची, बारीक सुताची. मी वरच्या फळीवरून तपकिरी लेसचा बूट काढला. अस्सल चामडं, पातळ सोल. तो म्हणाला, बिनालेसचा नाही का? होता. मागच्याच खोक्यात होता, सहज पाय काढता येईल असा. मी म्हणालो, "तो जावयाचा जोडा हाय. लेसचा बूट घातलेला मानूस कामाचा दिसते. साहेब आधी पायच पाह्यते." हे कुठून काढलं देव जाणे. एक नंबर कमीच दिला, दोन महिन्यांत चामडं सैल होतं म्हणून. देवराव आरशात पाहत राहिला. रुखमाबाई हसल्या. मला वाटलं, जमलं.

बूट धुळीत नकोत म्हणून तो खोकं माझ्याकडंच ठेवून गेला.

साहेबांचा दिवस आला तेव्हा देवराव पहाटेच्या गाडीनं ढाणकीहून निघून आठ वाजता दुकानासमोर हजर. मी शटर वर करतोय तोच, "मले लेस बांधता येत नाही." बावन्न वर्षांत कधी बांधलीच नव्हती. त्याला ते सांगायला लाज वाटत होती आणि मला हसू येत होतं. मी खाली बसलो, मोजे चढवून दिले, बूट घातले आणि लेस बांधली. दिवसभर सुटू नये म्हणून फाशाला एक जादा वेढा दिला. ही माझी खास गाठ. चालताना कधी सुटत नाही, आणि सोडायची झाली तर मोकळं टोक ओढायचं, एका ओढीत सुटते. फासा ओढला तर मात्र आवळत जाते. मी म्हणालो, "घ्या, आता संध्याकाळपर्यंत चिंता नाही." त्यानं चपला माझ्या काउंटरखाली ठेवल्या आणि निघाला.

मला राहवलं नाही. शोभाला, माझ्या बायकोला, दुकानात बसवलं आणि मागोमाग गेलो. खरं कारण सांगतो, माझा बूट कसा दिसतो ते मला पाहायचं होतं. वॉचमननं आत सोडलं नाही. फाटकाशी कडुनिंबाखाली उभा राहिलो. चौघे आवारात उभे होते, कडेला ढाणकीकडचे हमाल आणि गाडीवाले. बाकीच्या तिघांत बाभुळगावकडून बदलून आलेला अवधूत होता, तिशीतला, पायात बिनालेसचे काळे बूट, सफारी बदामी. मी मनात म्हटलं, कमरेखाली हवालदार. खरंच म्हटलं.

साहेब दहाला यायचे ते साडेबाराला आले. तोवर चौघे उन्हात. एप्रिलचं आमच्याकडचं ऊन, डांबर मऊ होतं अशा दिवसांत. नव्या, एक नंबर कमी चामड्यात देवरावचे पाय सुजत होते हे मला तेव्हा कळलं नाही. जोडे विकणाऱ्या माणसाला कळलं नाही.

साहेब गाडीतून उतरले ते थेट मधल्या मोठ्या गंजीकडं गेले आणि बुटासकट वर चढले. वरून त्यांनी हातानं या म्हणून खूण केली. अवधूत चढला. बाकीचे दोघे क्षणभर थांबले, एकमेकांकडं पाहिलं आणि चढले. देवराव खाली वाकला.

आतल्या यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी फाटकातून पाहत होतो. देवराव एक गुडघा टेकून बसला होता आणि बुटाशी काहीतरी करत होता. मला वाटलं, लेस सैल झाली असेल, घट्ट करतोय. शाबास, मी म्हटलं, नीटनेटका माणूस. मी बेअक्कल तिथं उभा राहून खूश होत होतो.

फुलचंद धावत त्याच्याजवळ गेला. तोही खाली बसला. दोघांनी मिळून उजव्या पायाशी झटापट केली. वर अवधूतनं गंजीत हात घातला, मूठभर कापूस काढला, साहेबांना काहीतरी सांगितलं. साहेबांनी खिशातून ओल मोजायचं यंत्र काढून गंजीत खुपसलं आणि मान डोलावली. एकदा त्यांनी खाली पाहिलं. देवराव गुडघ्यावरच होता. त्यानं वर पाहून हात जोडले, थांबा म्हणून. साहेब आपल्या कारकुनाकडं वळून काही बोलले, आणि कारकुनानं लिहून घेतलं. मग सगळे खाली उतरले. वरच्या कापसावर त्यांच्या बुटांचे मातीचे ठसे मला फाटकातून दिसत होते. साहेब पुढच्या शेडकडं निघून गेले. देवराव उभा राहिला, दोन्ही बूट पायात, लेस जशीच्या तशी. मी दुकानात परतलो; तो चपलांना आलाच नाही, परस्पर ढाणकीला गेला.

यादी पंधरा दिवसांनी लागली. अवधूत राहिला. देवरावच्या नावापुढं शेरा होता, "हालचाल मंद, सूचना पाळत नाही."

जूनमध्ये ती गंजी फोडली तेव्हा आतला कापूस पिवळा निघाला. ओला होता. फुलचंदनं मला दुकानात येऊन सांगितलं. यंत्र वरच्यावर खुपसलं होतं, वरचा कोरडाच होता. पण ते आता कुणाला सांगायचं? साहेब गेले होते, केंद्राला कुलूप होतं, आणि पिवळा कापूस पिवळ्या कापसात मिसळून गेला होता.

दिवाळीनंतर, एरवी ज्या दिवसांत खरेदीचा काटा सुरू व्हायचा तेव्हा, देवराव आला. एकटा. मी त्याला लगेच ओळखलं नाही. सफारी तीच होती, पण इस्त्री नव्हती. पायात काही नव्हतं. चपला माझ्या काउंटरखाली होत्या, एप्रिलपासून. मी त्या काढून पुढं ठेवल्या. त्यानं घातल्या नाहीत.

काखेतलं खोकं त्यानं काउंटरवर ठेवलं. "एकाच दिसाचे हायेत. सोल पाहा, कोरा हाय. कोनाले लागले त द्या. पैशाचं नाही म्हनून राह्यलो."

मी बसा म्हणालो, चहा सांगितला. काय करता, विचारलं. खाजगी व्यापाऱ्यांकडं जाऊन आलो, म्हणाला. त्यांच्याकडं यंत्र असतं. एकानं हमालीला ये म्हटलं, त्याच्याकडं आठ दिवस गेलो, मग छातीत कळ आली. आता घरीच असतो. रुखमाबाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात. ती संध्याकाळी आली की तिच्या ओटीतला कापूस मी पाहतो, म्हणाला.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हणून जे बोलू नये तेच बोललो. "देवरावभाऊ, बूट घालून चढाचं होतं. एका दिसानं काय होत होतं?"

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. "सव्वीस वर्सं लोकायले म्हनत आलो, बाप्पा, जोडा काढून चढ. खाली ढाणकीकडचीच मानसं उभी होती. त्यायच्यापुढं कसा चढू? अन् पायाले लागल्याशिवाय मी ओल काय सांगू? खोटं सांगू?"

मी खोकं उघडलं. उजव्या बुटाची लेस कापलेली होती. घरी पाय बाहेर निघेना, तेव्हा रुखमाबाईंनी विळ्यानं कापली, तो म्हणाला. गाठ दगडासारखी आवळलेली होती, ओढून ओढून. डाव्याला त्यांनी हात लावला नव्हता. कोमट पाण्यात पाय ठेवून कसाबसा बूट ओढून काढला होता. डाव्या बुटावर माझी गाठ अजून तशीच होती, सात महिन्यांपूर्वी मी बांधलेली.

"तेवढं एक दाखवा," देवराव म्हणाला. "हे सुटते कशी? फासा धरून लय ओढलं मी. फुलचंदनंही ओढलं."

मी मोकळं टोक धरलं आणि ओढलं. लेस सुटून दोन्हीकडं पडली.

देवरावनं सुटलेली लेस हातात घेतली. मग म्हणाला, "एवढंच होतं?"

बांधताना मी हसत होतो, हे त्याला आठवत असेल की नाही मला माहीत नाही. मला आठवतं. टोक ओढा म्हणून सांगायला चार शब्द लागले असते. बिनालेसचा बूट द्यायला तर एकही नाही, तो मागच्याच खोक्यात होता.

"पुन्हा बांधा," देवराव म्हणाला.

मी बांधली. त्यानं टोक शोधलं, ओढलं. सुटली. अजून एकदा, म्हणाला. मी बांधली, त्यानं सोडली. गिऱ्हाईक येऊन दारात उभं होतं, मी त्याला थांब म्हटलं. चार-पाच वेळा झालं असेल. त्याची ती कापूस ओळखणारी बोटं पहिल्याच झटक्यात टोक पकडत होती.

"आली आता," तो म्हणाला. उठला, चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी ढाणकीच्या गाडीकडं निघून गेला.