कंडक्टरची सीट

इंझोरीहून मंगरूळपीरला येणाऱ्या सकाळच्या गाडीची ती कंडक्टर. शिक्षक म्हणून मी रोज त्याच गाडीनं जातो, पण तिचं नाव कधी विचारलं नाही. तिकीट देताना ती माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही, फक्त हाताकडे पाहते. मोठी नोट दिसली की नाण्यानं दांडा वाजवत सगळ्या गाडीला ऐकवते, "सुट्टे काढा, मी काय बँक उघडून बसली काय?"

गेल्या महिन्यात ती रजेवर असताना या गाडीत दोन पोरांनी एका शाळकरी मुलीची ओढणी ओढली आणि तिच्या चेहऱ्यावरच्या कोडाचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला. तो पाहून पुण्याहून, अगदी दुबईहूनही अनोळखी लोकांनी तिच्यासाठी लाखांनी पैसे पाठवले.

तेव्हापासून ती मुलगी कंडक्टरच्या सीटवर बसते आणि कंडक्टर सगळा रस्ता उभी राहते.

परवा मागून एक जण हसत म्हणाला, "आमालेबी चिडवा रे कोनी, आमीबी लखपती होऊ!"

कंडक्टर गर्रकन वळली. "कायले जळून राह्यला बे? तुह्या खिशातून गेले काय? तुह्या पोरीची ओढणी वढली असती, तं असाच हासला असता काय?"

मला फार बरं वाटलं. तिकीट घेताना मी हळूच सांगितलं, "मीसुद्धा पाचशे पाठवले."

पहिल्यांदाच तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दुबईवाल्यानंबी धाडले, सर. पण तो गाडीत नव्हता. तुमी त्या व्हिडिओत मांगं बसून दिसता."