आजींसमोर कसं वागावं

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. पिठासारखे ते अंगावर बसतात आणि घरी जाऊन झटकले की कळतं, अरे, किती साठले होते!

ऐंशीनंतरची ती वर्षं. भावाने बोलावलं म्हणून मी न्यू जर्सीला आलो. आठवीत शाळा सोडलेली, इंग्लिश जेमतेम, त्यात स्वभाव लाजाळू. पिस्कॅटवेजवळ वासिले काकांच्या बेकरीत काम मिळालं. काका देश सोडून आलेले रोमेनियन. दुकान त्यांचं, पण राज्य त्यांच्या आईचं. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो. काकांची मुलगी अँका गल्ल्यावर बसे आणि व्हॅन चालवणारा माइक तिच्यावर जीव टाकून होता. अँका तयार होती, काकाही तयार होते. पण आजींच्या होकाराशिवाय त्या घरात पीठसुद्धा फुगत नसे!

•

पहिल्याच दिवशी पिठाने मला शिंक आली. काका ओरडले, "नोरॉक!"

मला ऐकू आलं, "नरक!"

परत शिंकलो. या वेळी अँकासुद्धा म्हणाली, "नोरॉक!"

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "अरे, पहिल्याच दिवशी एवढं काय केलंस तू?"

पुढे कळलं, ते मला 'नशीब उजळो' म्हणत होते.

•

वयस्कर बाई भेटली की 'सारुत म्‌ना' म्हणायचं. म्हणजे, तुमच्या हाताचं चुंबन घेतो. आजींनी माझ्यापुढे हात केला. परक्या बाईच्या हाताचं चुंबन! काही सुचेना म्हणून सरळ वाकून पाया पडायला गेलो.

आजी झटकन मागे सरकल्या. "वासिले, पोराचं काहीतरी पडलंय बघ!"

काका लगेच गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. आता खरं कसं सांगू? मीही शोधायला लागलो. बऱ्याच वेळाने काकांना टेबलाखाली एक बटण सापडलं.

"हेच ना?"

मी म्हटलं, "हो काका. थँक यू!"

•

माइक वाढला ओहायोत. त्याचं रोमेनियन लहानपणी आईशी बोललेलं तेवढंच. आपल्यासारखंच त्यांच्यातही 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. ह्याला फक्त 'तू' येत होतं. पहिल्या भेटीत आजींना विचारतो, "तू कशी आहेस?"

आजींनी वळून मागे पाहिलं. "का रे, माझ्यामागे मांजर आहे का?"

•

मग त्याने आजींसाठी गुलाब आणले. आजींनी शांतपणे एकेक फूल मोजलं. त्यांच्यात सम आकड्यात फुलं देतात ती फक्त मेलेल्या माणसाला, हे ह्याला कुठून माहीत असणार?

"बारा!" आजी म्हणाल्या. "माझ्यासाठी आणलेस की माझ्यावर वाहायला?"

"आजी, दुकानात डझनच मिळतात!"

आजींनी त्यातला एक गुलाब काढून माझ्या हातात दिला. दिवसभर गिऱ्हाइकं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती.

•

शेवटी रविवारी आजींनी माइकला जेवायला बोलावलं. घाबरून त्याने मलाही सोबत नेलं. दारात बूट काढताना म्हणाला, "यार, आज बिघडलं तर संपलंच. काय करू?"

जेवणाचा आग्रह आपल्याकडे असतो तसाच त्यांच्यातही. मी म्हटलं, "एकदम हो म्हणू नकोस, हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा थोडंसं घ्यायचं."

अँका माझ्या शेजारी बसून हळू आवाजात भाषांतर सांगत होती. आजींनी सूप विचारलं. माइक दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा थोडंसं घेतलं. कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे सार्माले आले. पुन्हा तसंच. आजी खूश दिसत होत्या. माइकची नजर त्यांच्या हातातल्या डावावरून हलत नव्हती.

डाव हातात धरूनच आजींनी आणखी काहीतरी विचारलं.

अँका माझ्या कानाशी पुटपुटली. "आजी त्याला विचारते आहे... तो माझ्याशी लग्न करेल का."

माइक हसून म्हणाला, "नको नको, थँक यू!"

काकांचा घास हातातच राहिला. अँकाने माझं मनगट आवळलं. आजी मात्र जराही रागावल्या नाहीत. त्यांनी तेच परत विचारलं.

"नको, खरंच नको!"

आजींनी समाधानाने मान हलवली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

माइकने ताट पुढे केलं. "बरं. पण अगदी थोडंसंच हं!"